संस्थानी राजधानीचा विमानतळ : कोल्हापूर, १९३९ आणि त्यानंतर

महाराष्ट्राच्या वाहतुकीच्या इतिहासात रेल्वे व बंदरे यांवर विपुल लेखन झाले आहे. विमानतळांकडे मात्र स्थानिक इतिहासकारांचेही लक्ष अभावानेच गेले. कोल्हापूरचा विमानतळ या दृष्टीने विशेष विचारार्ह ठरतो. तो ब्रिटिश सरकारने वा लष्कराने नव्हे, तर एका संस्थानाने आपल्या राजधानीसाठी उभारला.

राजर्षी शाहू छत्रपतींच्या पश्चात १९२२ मध्ये गादीवर आलेल्या राजाराम महाराजांनी शहराच्या आग्नेयेस उजळाईवाडीच्या माळावर हा विमानतळ बांधविला. ५ जानेवारी १९३९ रोजी तेथून विमानसेवा सुरू झाली. मिरजेवरून रेल्वे १८९१ मध्येच कोल्हापुरात आली होती. परंतु ती मीटरगेज असल्याने मुंबईकडे जाणाऱ्यास पुण्यास गाडी बदलावी लागे. तरीही विमानतळाचे प्रयोजन केवळ वेळेच्या बचतीत शोधणे अपुरे होय. याच महाराजांनी १९३१ मध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालय स्थापन केले होते. स्वतंत्र न्यायपीठ आणि स्वतंत्र हवाई मार्ग ही दोन्ही राजधानीपणाची चिन्हे होती, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

महाराजांचे १९४० मध्ये निधन झाले आणि १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. उच्च न्यायालय गेले; धावपट्टी उरली, पण तिच्यामागील राजसत्ता उरली नाही. पुढील कित्येक दशके सेवा सुरू होत व बंद पडत राहिली. कोल्हापूरकर प्रवासी पुणे, बेळगाव वा गोव्याच्या दाबोळीवर अवलंबून राहिला. लोहगाव व सांबरा ही मुळात ब्रिटिश हवाई दलाची ठाणी; दाबोळी पोर्तुगीजांनी बांधलेली, नंतर भारतीय नौदलाकडे आलेली. म्हणजे नागरी राजधानीचा प्रवासी लष्करी धावपट्ट्यांच्या दारी उभा राहिला.

याच अवस्थेचे अधिक टोकाचे उदाहरण उत्तर ध्रुवीय प्रदेशातील ग्रीनलँडची राजधानी नूक हिचे आहे. तेथे एका गावाहून दुसऱ्या गावास जाणारा रस्ताच नाही. १९७९ मध्ये, म्हणजे ग्रीनलँडला स्वशासन मिळाले त्याच वर्षी, नूकचा विमानतळ सुरू झाला. पण धावपट्टी एक किलोमीटरहूनही आखूड असल्याने मोठी विमाने उतरत नसत. कोपनहेगनचा प्रवासी आधी कांगरलुसुआक येथे, म्हणजे अमेरिकेने १९४१ मध्ये उभारलेल्या लष्करी तळावर उतरे आणि तेथून लहान विमानाने राजधानीस जाई. २,२०० मीटरची नवी धावपट्टी खुली होण्यास नोव्हेंबर २०२४ उजाडले.

कोल्हापुरातही प्रश्न लांबीचाच होता. १,३७० मीटरच्या धावपट्टीवर एटीआरसारखी लहान विमानेच चालत. २०१८ मध्ये 'उडान' योजनेखाली सेवा पुन्हा सुरू झाली, धावपट्टी सुमारे १,९३० मीटरपर्यंत वाढली आणि १० मार्च २०२४ रोजी नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंचही कोल्हापुरात आले. १९३१ व १९३९ ची दोन्ही चिन्हे शहरास वेगळ्या रूपात परत मिळाली, परंतु ती आता राज्य व केंद्र शासनाच्या निर्णयाने. धावपट्टी आणखी लांबविण्यासाठी लागणारी जमीन माळाची नाही. ती गडमुडशिंगीच्या शेतकऱ्यांची आहे.