बाळ कोणाकडे बघते?

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असे चिटणीसबाईंनी बजावले, तेव्हा एखादी पाककृती देऊन मोकळे व्हावे असे मनात होते. पण माझी थोरली मुलगी बालवाडी शिक्षिकेचा अभ्यासक्रम करते आणि तिची उजळणी मी रात्री भाजी निवडता निवडता ऐकते. त्यातलीच ही हकिकत आहे. तान्हे मूल दुसऱ्याची नजर कशी ओळखते, हे विद्वानांनी कसकसे शोधून काढले, त्याची.

आरंभ विलायतेतल्या चार्ल्स डार्विनपासून करावा लागतो. त्याचा पहिला मुलगा 1839 च्या डिसेंबरात जन्मला आणि बापाने त्याची टिपणवही ठेवली. नवव्या दिवशी पोराने मेणबत्तीकडे टक लावली. पंचेचाळिसाव्या दिवशी खरे हसू फुटले, आणि तेही मुख्यतः आईकडे बघताना. ही टिपणे छापली गेली 1877 साली. तोवर पोरगा चांगला सदतीस वर्षांचा बाप्या झालेला!

पुढे बरीच वर्षे जाणत्यांचा समज असा होता की, एवढेसे मूल स्वतःपलीकडे काही जाणत नाही, दुसरा काय बघतो याचे त्याला काय? या समजाला 1975 साली धक्का बसला. ऑक्सफर्ड येथे स्केफ आणि जेरोम ब्रूनर या दोघांनी 34 मुले घेतली, दोन महिन्यांपासून चौदा महिन्यांपर्यंतची. प्रयोग अगदी घरगुती म्हणावा असा. समोर बसून बाळाशी नजर मिळवायची आणि मग काही न बोलता मान एका बाजूस वळवायची. बाळ तिकडे बघते का? दोन ते चार महिन्यांच्या मुलांपैकी शेकडा तीस बघत. अकरा महिन्यांवरील तर झाडून सारी. ‘तो बघ काऊ’ म्हणताना आपण हेच करतो की नाही? आपण ते कधी मोजले नाही, एवढेच. आणि गंमत अशी की, हे ब्रूनर जन्मतः मोतीबिंदूने आंधळे होते. दोन वर्षांचे असताना शस्त्रक्रिया झाली, तेव्हा त्यांना दिसू लागले.

2002 साली फारोनी व तिच्या सोबत्यांनी तर दोन ते पाच दिवसांच्या अर्भकांपुढे एकाच बाईची दोन चित्रे ठेवली. एकीत ती समोर बघते, दुसरीत डोळे बाजूला. अर्भके समोर बघणारीकडे अधिक वेळ बघत राहिली. पाचवीही न पुजलेली लेकरे ती!

तरी ‘डोळे म्हणजे बघणे’ हे उमगायला बाळाला वेळ लागतो. अमेरिकेतल्या ब्रूक्स आणि मेल्टझॉफ यांना असे आढळले की, मोठ्या माणसाने डोळे मिटून मान वळवली तरी नऊ महिन्यांचे मूल तिकडे बघते. दहा-अकरा महिन्यांचे मात्र सहसा फसत नाही. पण डोळ्यांवर पट्टी बांधली, तर वर्षाचे मूलही फसते. मग 2008 साली त्यांनी वर्षाच्या मुलांच्याच डोळ्यांपुढे पट्टी धरून दाखविली. काही दिसेना, हे मुलांना कळले. त्यानंतर पट्टी बांधलेल्या माणसामागे ती पूर्वीसारखी बघेनात. स्वतःला अंधार झाला, तेव्हा दुसऱ्याचा अंधार कळला. हे ऐकताना माझ्या हातातली मेथी तशीच राहिली.

आता एक कडू गोष्ट. काही मुले नजर देत नाहीत, दाखवू तिकडे बघत नाहीत. अशा मुलांविषयी अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी 1943 साली लिहिले आणि स्वमग्नतेला नाव मिळाले. पण त्याबरोबर आईबापांच्या थंडपणाचीही चर्चा सुरू झाली. पुढे तर आईची माया आटली म्हणून मूल असे झाले, असे मोठमोठे लोक लिहू लागले. आपल्या गल्लीत आजही निराळे काय बोलतात? सुनेने नीट बघितले नाही, म्हणे! वर्षाचे मूल हाकेला वळत नसेल, दाखविलेल्या वस्तूकडे बघत नसेल, तर बालरोगतज्ज्ञाकडे न्यावे, कान-डोळे तपासून घ्यावेत. त्या पोरीला बोल लावून काय होणार?

तिकडे 1964 साली बर्नार्ड रिमलंड यांनी या समजाविरुद्ध पुस्तक लिहिले. ते स्वतः अशाच मुलाचे वडील होते. हा दोष मुलाच्या घडणीतला आहे, आईच्या मायेतला नव्हे, असे त्यांनी मांडले. अखेर 1969 साली पालकांच्या एका सभेत खुद्द कॅनर उभे राहिले आणि समोर बसलेल्या आईबापांना त्यांनी या आरोपातून मुक्त केले. मधल्या सव्वीस वर्षांत ज्या आयांनी हे ऐकून घेतले, त्यांची मुले तोवर कर्तीसवरती व्हायच्या वयाला आली होती.