आगीची वर्दी देणारी पेटी : रचना आणि विश्वास

आगीच्या बातमीला ‘वर्दी’ हा जुना दफ्तरी शब्द पुण्यात आजही चालतो. वर्दी म्हणजे नुसती ओरड नव्हे. ती कोणी दिली, कोठून दिली आणि कशाची दिली, हे तिच्यात गृहीत असते. मोठ्या इमारतींत जिन्याजवळच्या भिंतीवर जी लाल पेटी दिसते, जिची काच दाबून किंवा मूठ ओढून माणूस आगीची सूचना देतो, ती या अर्थाने वर्दीचे यंत्र होय. तिच्या रचनेत वेळोवेळी जे बदल झाले ते विद्युत्शास्त्राच्या प्रगतीने झाले, असे वरवर पाहता वाटते. वस्तुतः त्यांच्या मुळाशी एक सामाजिक प्रश्न आहे : वर्दी देण्याचा अधिकार कोणाच्या हाती सोपवावा?

पुणे हे लाकडी वाड्यांचे शहर. शनिवारवाड्याला २७ फेब्रुवारी १८२८ रोजी आग लागली, ती सात दिवस धुमसत होती. पुढे १३ मे १८७९ च्या रात्री बुधवारवाडा जळून नष्ट झाला आणि विश्रामबागवाड्याचाही काही भाग जळाला. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाचे ते दिवस होते. त्यामुळे सरकारच्या दृष्टीने ही आगीची वर्दी राहिलीच नाही; ती बंडाची वर्दी ठरली. या प्रकरणात शिक्षा झाली ती कृष्णाजी नारायण रानडे नावाच्या इसमाला. परंतु संशयाची छाया पुण्याच्या सुशिक्षित वर्गावर पडली, आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची धुळ्यास बदली झाली तीही याच वातावरणात. ज्या राज्यकर्त्यांचा नागरिकांवर एवढाही भरवसा नव्हता, त्यांनी आगीची घंटा वाजविण्याची मुभा रस्त्यावरच्या कोणाही माणसाला दिली असती काय, ही शंका अप्रस्तुत म्हणता येणार नाही.

ज्या देशात अशी घंटा प्रथम बसली, तेथेही हा भरवसा सहजासहजी उत्पन्न झाला नव्हता. अमेरिकेतील बॉस्टन शहरात डॉ. विल्यम चॅनिंग आणि मोझेस फार्मर यांनी योजिलेली आगीची तारायंत्रणा एप्रिल १८५२ मध्ये सुरू झाली. रस्त्यावरील पेटीतील दांडा फिरविला म्हणजे आतील दातेरी चाक तारेवर ठराविक ठोके देई, आणि त्या ठोक्यांवरून मध्यवर्ती कचेरीस पेटीचा क्रमांक, म्हणजेच आगीचा परिसर समजे. जॉन गेमवेल यांनी पुढे या यंत्रणेचे हक्क विकत घेऊन तिचा व्यापारी प्रसार केला. मात्र अशा पेट्यांना कुलूप असे, आणि किल्ली पोलिसाकडे किंवा जवळच्या प्रतिष्ठित दुकानदाराकडे ठेवलेली असे. त्याचा परिणाम १८७१ च्या ऑक्टोबरात शिकागोच्या भीषण आगीत चर्चेला आला. विल्यम ली हा शेजारी धावत ब्रुनो गॉल या औषधविक्रेत्याच्या दुकानी गेला. तेथील पेटी क्रमांक ३४२ ची किल्ली आपणांस मिळाली नाही, असे त्याचे म्हणणे. आपण पेटी चालविली होती, असे गॉलचे म्हणणे. मध्यवर्ती कचेरीत त्या पेटीची सूचना आलीच नाही, एवढे मात्र खरे. दोघांपैकी कोणाचे खरे मानावे हा वाद येथे गौण आहे. एका शहराची सुरक्षितता एका दुकानदाराच्या मर्जीला बांधलेली होती, ही गोष्ट महत्त्वाची.

लंडनमध्ये १८८० नंतर रस्त्यांवर जे सूचनास्तंभ उभे राहिले त्यांत काच फोडून मूठ ओढावयाची होती. काच ही किल्लीची जागा घेणारी मोठी मार्मिक युक्ती होय. वर्दी कोणीही द्यावी, पण चोरून देऊ नये. फुटलेली काच हीच साक्ष. खोट्या वर्द्या याने थांबल्या नाहीत, हे सांगणे नलगे.

मुंबईत अशा काचेच्या पेटीची मर्यादा १४ एप्रिल १९४४ रोजी दिसली. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर कापसाच्या गठ्ठ्यांबरोबर सुमारे १४०० टन स्फोटके होती. आग कळताच गोदीवरील अग्निशामक अधिकाऱ्याने आपल्या हाताखालच्या माणसाला, धोका मोठा असल्याचा विशिष्ट संदेश दूरध्वनीने देण्यासाठी पाठविले. त्या दूरध्वनीला आकडे फिरविण्याची तबकडी नव्हती. उत्तर मिळेना, तेव्हा त्याने आगीच्या पेटीची काच फोडली. दुपारी दोन वाजून सोळा मिनिटांनी सूचना पोचली आणि रिवाजाप्रमाणे दोन बंब निघाले. ‘येथे आग आहे’ एवढेच पेटीला सांगता येत होते. ‘येथे स्फोटके आहेत’ हे सांगणे तिच्या रचनेत नव्हते. अधिक बंब आधी आले असते तर अनर्थ टळला असता, असे मात्र खात्रीने म्हणता येत नाही. जहाज बुडवावे की बंदराबाहेर न्यावे, याचा निर्णय करण्याचे अधिकार विखुरलेले होते, आणि तो दोष कोणत्याही पेटीचा नव्हे. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. दलाचे ६६ जवान त्या दिवशी कामी आले.

घरोघरी दूरध्वनी आल्यावर रस्त्यावरील पेटी मागे पडली. इमारतीच्या आतील पेटीच्या रचना मात्र बदलत राहिल्या. काचेवर आधीच रेघ मारून तिला पातळ आवरण लावण्यात आले, म्हणजे बोट कापू नये. नंतर काचेऐवजी दाबताच सरकणारी आणि किल्लीने पूर्ववत होणारी प्लास्टिकची पट्टी आली. युरोपीय मानकाने दोन प्रकार मानले आहेत : ‘अ’ प्रकारात पट्टी दाबताच सूचना जाते, ‘ब’ प्रकारात पट्टी फोडल्यावर आणखी एक क्रिया करावी लागते. ही दुसरी क्रिया म्हणजे कुलपाचाच सौम्य अवतार होय. १९८० मध्ये अमेरिकेत जॉन टेलर यांनी पेटीवर बसवावयाचे पारदर्शक झाकण काढले. ते उचलताच जागीच भोंगा वाजतो, व खोडसाळ विद्यार्थी खरी मूठ ओढण्यापूर्वीच उघडा पडतो. उलटपक्षी, अपंगांच्या सोयीसाठी तेथील नियमांनी मूठ एका हाताने, चिमटीत न धरता, न पिरगाळता आणि अल्प जोराने ओढता यावी असा आग्रह धरला. एकीकडे अडथळा वाढवावयाचा, दुसरीकडे कमी करावयाचा, अशी ही ओढाताण आहे.

अलीकडच्या पेट्यांत प्रत्येकीला स्वतःचा क्रमांक असतो आणि कोणत्या मजल्यावरील कोणती पेटी दाबली गेली, हे नियंत्रण फलकावर उमटते. हे नवे म्हणून सांगितले जाते. पण शिकागोच्या पेटीवरील ३४२ हा आकडा याच जातीचा होता. मधल्या काळातील साध्या घंटामंडलात अनेक पेट्या एकाच तारेवर असल्याने तो हरवला होता, इतकेच.

एक फरक तथापि दुर्लक्षिण्याजोगा नाही. बॉस्टनची पेटी थेट दलाच्या कचेरीत बोलत असे. पुण्यातील उंच इमारतीत काच दाबली असता घंटा सामान्यतः त्या इमारतीतच वाजते. रहिवासी जिन्याने उतरू लागतात, आणि त्यांच्यापैकी कोणीतरी १०१ हा क्रमांक फिरवून आपले ठिकाण, मजला आणि काय जळत आहे, हे तोंडाने सांगतो. त्यानंतरच बंब निघतो.