प्लेलिस्टमधली ओळ कुठपर्यंत जाते?

स्टॅटिक अ‍ॅनालिसिसचा इतिहास वाचायला घेतला की बहुतेक वेळा टूल्सची यादी हातात पडते. आधी हे आलं, मग ते आलं. अशी यादी पाठ करून प्रपोजल लिहिता येत नाही. म्हणून इथे उलट्या बाजूने जाऊ. एक साधासा, कंटाळवाणा वाटणारा कोड घेऊ: गाण्यांची किंवा व्हिडिओची प्लेलिस्ट वाचणारा पार्सर. त्यात वेगवेगळ्या काळात कोणत्या चुका सापडल्या ते बघू आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारू: प्रोग्रॅम न चालवता, नुसता कोड तपासून ही चूक सापडू शकली असती का?

आधी फॉरमॅट समजून घेऊ. एमथ्रीयू प्लेलिस्ट म्हणजे साधी टेक्स्ट फाइल. एका ओळीवर एका गाण्याचा पत्ता. हॅश चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळींत जादा माहिती, म्हणजे गाणं किती सेकंदांचं, नाव काय वगैरे. १९९७ साली आलेल्या विनअ‍ॅम्पमुळे हा प्रकार घरोघरी पोचला. पार्सरचं काम एवढंच: ओळ वाच, हॅश असेल तर माहिती काढ, नसेल तर तो पत्ता समज. दुपारभरात लिहून होईल असा कोड. गाण्यांच्या यादीपासून धोका असेल असं कुणाच्या मनातही येत नाही, आणि गोची तिथेच आहे.

पहिली चूक: लांबी

जानेवारी २००६ मध्ये विनअ‍ॅम्प ५.१२ मध्ये एक चूक उघड झाली. पीएलएस प्रकारच्या प्लेलिस्टमध्ये नेटवर्कवरच्या दुसऱ्या संगणकावरील फाइलचा पत्ता देता येतो. त्या पत्त्यातलं संगणकाचं नाव प्रचंड लांब दिलं, की राखून ठेवलेली जागा संपायची आणि पुढची मेमरी पुसली जायची. हल्लेखोराला आपला कोड तिथे चालवता येत असे. ५.१३ मध्ये दुरुस्ती आली.

गंमत म्हणजे अशा चुका शोधण्याची एक नेटकी कल्पना २००० सालीच छापून आली होती. डेव्हिड वॅग्नर, जेफ्री फॉस्टर, एरिक ब्रूअर आणि अलेक्झांडर एकन यांनी प्रत्येक स्ट्रिंगकडे फक्त दोन संख्या म्हणून पाहिलं: किती जागा राखली आहे आणि किती वापरली जाऊ शकते. वापर जागेपेक्षा मोठा होऊ शकतो का, एवढंच तपासायचं. स्ट्रिंगमध्ये नेमकी अक्षरं कोणती, याच्याशी देणंघेणं नाही. खऱ्या किमतींऐवजी त्यांच्या मर्यादा घेऊन हिशोब करण्याची ही विचारसरणी १९७७ च्या पॅट्रिक आणि राधिया कूझो यांच्या अ‍ॅब्स्ट्रॅक्ट इंटरप्रिटेशनशी नातं सांगते.

मग अडचण कुठे? त्यांच्या पद्धतीत ओळींचा क्रम बघितला जात नव्हता. तुम्ही कॉपी करण्याआधी इमानदारीत लांबी तपासली असली, तरी टूलला ते कळायचं नाही आणि ते बोंब मारायचं. शिवाय विनअ‍ॅम्पचा सोर्स कोड तेव्हा खुला नव्हता. कोडच हाती नसेल तर बाहेरचा संशोधक तपासणार काय?

दुसरी चूक: संख्या

२००९ मध्ये अ‍ॅपलने एचटीटीपी लाइव्ह स्ट्रीमिंग, म्हणजे एचएलएस आणलं. व्हिडिओचे छोटे तुकडे करायचे आणि त्यांची यादी एमथ्रीयूच्याच धाटणीच्या फाइलमध्ये द्यायची. लाइव्ह प्रक्षेपण असेल तर प्लेअर ती यादी पुन्हा पुन्हा आणतो. आता प्लेलिस्ट ही घरात बसून बनवलेली फाइल राहिली नाही, ती सतत बाहेरून येऊ लागली. त्यात तुकड्यांचे क्रमांक, कालावधी, बँडविड्थ अशा संख्या भरल्या.

ऑगस्ट २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेलं आरएफसी ८२१६ सांगतं की या यादीतला पूर्णांक २० अंकांपर्यंत असू शकतो, कमाल किंमत २ चा ६४ वा घात वजा १. एखाद्याने तो ३२ बिटांच्या चिन्हयुक्त व्हेरिएबलमध्ये कोंबला, की भली मोठी संख्या ऋण होऊ शकते. पुढे तीच संख्या अ‍ॅरेचा इंडेक्स म्हणून वापरली की झालं.

याचंही उत्तर आधीच तयार होतं. २००२ मध्ये केन अ‍ॅशक्राफ्ट आणि डॉसन एंगलर यांनी नियम मांडला: बाहेरून आलेली संख्या मर्यादा तपासल्याशिवाय वापरली, तर ती चूक. लिनक्स आणि ओपनबीएसडी मिळून त्यांना शंभराहून जास्त सुरक्षाविषयक चुका सापडल्या. पण ‘बाहेरून आलेली’ हे टूलने ओळखायचं कसं? कर्नेलमध्ये सोपं आहे, कारण वापरकर्त्याकडून डेटा आणणारी फंक्शन्स ठरलेली असतात. २०१४ मध्ये हार्टब्लीड उघड झाल्यावर कव्हेरिटीच्या टीमने एक युक्ती केली. कोड जिथे बाइट्सचा क्रम उलटवतो, तिथला डेटा नेटवर्कवरून आलेला समजायचा. युक्ती झकास आहे, पण प्लेलिस्टला ती लागू पडत नाही. इथे सगळं टेक्स्टमध्ये येतं, बाइट्स उलटवायची वेळच येत नाही. इथे संख्या जन्माला येते ती अक्षरांचं अंकांत रूपांतर करणाऱ्या फंक्शनमध्ये. तेव्हा संशयाची सुरुवात तिथून करावी लागते.

तिसरी चूक: पत्ता

जानेवारी २०१६ मध्ये एफएफएमपेगमधली जी चूक समोर आली, ती मला या तिन्हींत सगळ्यात महत्त्वाची वाटते. समजा, एखादी साइट लोकांचे व्हिडिओ घेते आणि सर्व्हरवर एफएफएमपेगने त्यांचं रूपांतर करते. हल्लेखोर व्हिडिओच्या नावाखाली प्लेलिस्ट चढवतो. एफएफएमपेग आतला मजकूर बघून प्रकार ओळखतं, त्यामुळे नाव काहीही असलं तरी चालतं. त्या यादीतली एक ओळ सांगते: दोन गोष्टी जोडून वाच. पहिली, हल्लेखोराच्या सर्व्हरवरची छोटी फाइल. दुसरी, तुमच्याच सर्व्हरवरची एखादी खाजगी फाइल. पहिली फाइल हीसुद्धा प्लेलिस्टच, पण ती एका अर्धवट वेब पत्त्यावर संपते आणि शेवटी नवी ओळ नसते. साहजिकच खाजगी फाइलची पहिली ओळ त्या पत्त्याला जाऊन चिकटते. एफएफएमपेग तो पत्ता उघडायला जातं आणि गुपित थेट हल्लेखोराच्या लॉगमध्ये पोचतं.

यात कुठेही मेमरी ओसंडली नाही. कुठलीही संख्या ऋण झाली नाही. जोडणाऱ्या फंक्शनने बरोबर जोडलं, पार्सरने बरोबर पार्स केलं. वरची दोन्ही टूल्स इथे ‘सगळं ठीक’ म्हणतील, आणि त्यांच्या व्याख्येनुसार ते खरंही असेल.

या चुकीसाठी लागणारा विचार मात्र जुना आहे. १९७६ मध्ये डोरोथी डेनिंग यांनी माहितीचे वर्ग करून कोणत्या वर्गातून कोणत्या वर्गात प्रवाह चालेल, हे गणिताने मांडलं. आपल्या उदाहरणात दोन नियम पुरतात. प्लेलिस्टमधून आलेल्या पत्त्याने स्थानिक फाइल उघडू नये. स्थानिक फाइलचा मजकूर बाहेरच्या विनंतीत जाऊ नये. नियम सोपे आहेत, तपासणं अवघड. एफएफएमपेगमध्ये फाइल, एचटीटीपी वगैरे प्रोटोकॉल फंक्शन पॉइंटरमार्फत बोलावले जातात. म्हणजे नुसता एचएलएसचा कोड वाचून काही कळत नाही. तो पॉइंटर कुठे कुठे जाऊ शकतो, हे आधी काढावं लागतं. दुरुस्तीही एका फटक्यात झाली नाही. प्लेलिस्टमधून कोणते प्रोटोकॉल उघडता येतील यावर बंधनं आली, तरी २०१७ मध्ये फाइलच्या एक्स्टेन्शनवर पुरेसं बंधन नसल्याचं दिसलं आणि पुन्हा पॅच काढावे लागले.

प्रपोजल लिहिताना

१९५३ चं राइसचं प्रमेय सांगतं की प्रोग्रॅमच्या वर्तनाबद्दलचा कुठलाही क्षुल्लक नसलेला गुणधर्म सगळ्या प्रोग्रॅमसाठी अचूक ठरवणारी पद्धत असूच शकत नाही. म्हणजे खोट्या सूचना सहन करा, नाहीतर काही चुका निसटू द्या. ‘माझं टूल सगळे बग शोधेल’ असं वाक्य प्रपोजलमध्ये दिसलं, की गाइड तिथेच पेन टेकवतात.

त्यापेक्षा एका कागदावर तीन रकाने आखा. अविश्वासू डेटा नेमका कुठे आत येतो? तो कुठे पोचला तर नुकसान होतं? मधे कोणती तपासणी झाली तर तो सुरक्षित मानायचा? वरच्या तीन चुकांसाठी हे रकाने भरून बघा. पहिला रकाना तिन्ही वेळा जवळपास सारखाच येतो, प्लेलिस्टची ओळ. फरक दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात पडतो. आयआयटी मुंबईचे उदय खेडकर आणि अमिताभ सन्याल यांनी बागेश्री साठे यांच्यासोबत २००९ मध्ये लिहिलेलं डेटा फ्लो अ‍ॅनालिसिसचं पुस्तक हे प्रवाह काढायचे कसे ते शिकवतं. पण दुसऱ्या रकान्यात काय लिहायचं ते कोणतंही पुस्तक सांगणार नाही, त्यासाठी तो कोड आणि त्याचा वापर तुम्हालाच ओळखावा लागेल. बहुतेक वेळा तुमचा रिसर्च क्वेश्चन तिथेच सापडतो.