डोंबिवली

महाराष्ट्राच्या ठाणे जिल्ह्यातील मुंबईचे एक उपनगर. हे मध्य रेल्वेवर, मुंबईच्या ईशान्येस सु. ४८ किमी. वर वसले आहे. मुंबईत जागा महागल्याने स्वातंत्र्योत्तर काळात मराठी नोकरदार वर्ग या मूळच्या खेड्यात स्थायिक झाला. कथाकार शं. ना. नवरे यांचे येथे दीर्घकाळ वास्तव्य होते. १९९९ पासून येथे निघणारी गुढीपाडव्याची शोभायात्रा पुढे अन्यत्रही रूढ झाली. १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महानगरपालिका स्थापन झाली (लोकसंख्या १२,४७,३२७–२०११). औद्योगिक वसाहत असूनही असंख्य रहिवासी उपजीविकेसाठी मुंबईस जातात; लोकलगाड्यांच्या गर्दीत अनेकांचे प्राण गेले आहेत. वस्ती कारखान्यांना येऊन भिडल्याने २०१६ व २०२४ मधील रासायनिक कारखान्यांतील स्फोटांत जीवितहानीबरोबरच लगतच्या घरांचीही हानी झाली. औद्योगिक क्षेत्र व निवासस्थाने यांत सुरक्षित अंतर राखणे, ही या नगराची प्रमुख समस्या आहे.