ढालीवरची ओळख

आयर्लंडमधील किल्केनी परगण्यात, थॉमसटाउनजवळच्या किल्फेन येथे, छप्पर नाहीसे झालेले एक मध्ययुगीन चर्च आहे. त्याच्या भिंतीला टेकून सुमारे आठ फूट उंचीचा एक पाषाणाचा सरदार उभा आहे. अंगात कड्यांचे चिलखत, त्यावर सैल अंगरखा, डाव्या हातावर ढाल आणि एकमेकांवर टाकलेले पाय. मुळात ही थडग्यावरची शिळा. परिसरातील लोक तिला ‘कॅन्टवेल फादा’ म्हणतात. आयरिश भाषेत ‘फादा’ म्हणजे लांब, उंच.

लोकस्मृतीने जपलेल्या या कुलनामाला ढाल दुजोरा देते. तिच्यावर कडी कोरलेली आहेत आणि वरच्या कोपऱ्यात एक चौकोन. हे कॅन्टवेल या अँग्लो-नॉर्मन घराण्याचे कुलचिन्ह. बाराव्या शतकापासून युरोपात अशी चिन्हे ढालींवर रूढ झाली आणि जमिनीप्रमाणेच बापाकडून मुलाकडे जाऊ लागली. इंग्लंडमध्ये सॉल्झबरीच्या कॅथीड्रलात १२२६ साली मरण पावलेल्या विल्यम लाँगस्पीच्या समाधिशिल्पावर त्याच्या आजोबाचेच सिंह आढळतात.

पण जे वारशाने येते ते एकट्याचे नसते. बाप हयात असताना थोरला मुलगा चिन्हावर दातेरी पट्टी जोडी. अशी खूण नसेल तर ढाल घराण्यापाशीच थांबते. शिवाय रंग हा या चिन्हांचा अर्धा अर्थ. तीच आकृती दुसऱ्या रंगात दुसऱ्या घराण्याची असू शकते, आणि छप्पर कोसळल्यावर पाऊस पहिल्यांदा रंगच धुऊन नेतो. मग चिलखताच्या घडणीवरून काळ ठरवावा लागतो. किल्फेनची घडण चौदाव्या शतकाच्या आरंभाची. म्हणून हा बहुधा १३१९च्या सुमारास वारलेला टॉमस द कॅन्टवेल असावा, असे मानले जाते. त्या ‘बहुधा’ला माहितीपत्रकांत फारसे स्थान मिळत नाही.

पायांवरून काढलेला निष्कर्ष मात्र टिकला नाही. पाय एकमेकांवर टाकलेला सरदार धर्मयुद्धावर गेलेला असतो, ही समजूत फार काळ चालली. आज ती शिल्पशैलीची लकब मानली जाते.

पुढे या चर्चमध्ये शाळा भरत असे. खोडकर मुलांना शिक्षा म्हणून या दगडी सरदाराचे चुंबन घ्यायला लावीत, असे तिथे सांगतात.