पोहरा केवढा घ्यायचा?



डेटाबेसचं उत्तर प्रोग्रॅमच्या हातात कसं पडतं, याचा इतिहास इंजिनिअरिंगला असताना मी परीक्षेपुरता वाचला होता. तो खरा कळला इथे डँडेनॉन्गला, तोही एका पोराला उगाच बोल लावल्यावर.

इथल्या एका गोडाऊनमध्ये आमचा जावा प्रोग्रॅम चालायचा. डेटाबेस ओरॅकल, सर्व्हर मुंबईत. साठ्याचा रिपोर्ट २०,००० ओळींचा, पण यायला पाच मिनिटं! पुण्याच्या टीममधला ज्युनिअर सांगत होता, "सर, आमच्याकडे दहा-बारा सेकंदात येतो." मी मात्र सगळ्यांना सीसी करून मेल टाकली की क्वेरीच नीट लिहिलेली नाही.

आता थोडं मागे जाऊ. १९७० साली आयबीएमच्या टेड कॉडने रिलेशनल मॉडेल मांडलं. त्यात उत्तर म्हणजे ओळींचा अख्खा संच. पण कोबोल किंवा पीएल/वनसारख्या भाषांना एका वेळी एकच रेकॉर्ड हाताळायची सवय. आयबीएमच्या सॅन होजेच्या लॅबमध्ये सत्तरच्या दशकात 'सिस्टिम आर' बांधताना यावर तोड निघाली ती कर्सरची. कर्सर उघडा, एकेक ओळ फेच करा, संपलं की बंद करा. विहीर भरलेली आहे, पण पाणी पोहऱ्यानेच शेंदायचं, तसं.

तेव्हा प्रोग्रॅम आणि डेटाबेस एकाच मशीनवर असत. म्हणजे विहीर परसातच, कितीही खेपा घाला. पुढे क्लायंट-सर्व्हर आलं आणि विहीर लांब गेली. १९९२ मध्ये ओडीबीसी आलं, १९९७ मध्ये जावाबरोबर जेडीबीसी. त्यातल्या रिझल्टसेटचं 'नेक्स्ट' म्हणजे तोच जुना फेच. फरक एवढाच की ड्रायव्हर गुपचूप काही ओळी एकदम आणून ठेवतो. किती आणायच्या हे सुचवायची सोय, म्हणजे 'फेच साइज', १९९८ च्या जेडीबीसी २.० मध्ये आली. आपण काहीच सांगितलं नाही तर ओरॅकलचा ड्रायव्हर एका खेपेला १० ओळी आणतो.

म्हणजे २०,००० ओळींना २,००० खेपा. मेलबर्न ते मुंबई सुमारे १०,००० किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन १०० मिलिसेकंद कुणालाच चुकत नाहीत. केबलचे वळसे धरून आमच्याकडे १५० पडत होते. २,००० गुणिले ०.१५ म्हणजे ३०० सेकंद. बरोब्बर पाच मिनिटं! पुण्याहून मुंबई हाकेच्या अंतरावर, त्यामुळे तिथे दहा सेकंद. पोरगं खरं बोलत होतं.

फेच साइज ५०० केला. ४० खेपा, प्रवासाचे सहा सेकंद. क्वेरीला हातही लावला नाही.

पण म्हणून पोहरा वाटेल तेवढा मोठा करू नका. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस यांचे जेडीबीसी ड्रायव्हर मुळातच सगळं उत्तर एकदम आणतात. लाखो ओळी असल्या तर क्लायंटची मेमरीच संपते. किती आणायचं हे शेवटी आपणच ठरवायचं.

मग मी त्याच सगळ्यांना सीसी ठेवून दुसरी मेल टाकली: चूक माझी होती, क्वेरी ठीक आहे. ती लिहायला पहिल्या मेलपेक्षा बराच जास्त वेळ लागला. तेव्हा मंडळी, तिकडून कुणी "आमच्याकडे तर चालतंय" म्हणालं, तर आधी खेपा मोजा. मेल नंतर.