भिंतीतील ओल : आधी कारण, मग रंग

पावसाळा ओसरला की अनेक सदनिकांच्या भिंतींना पोपडे सुटतात. त्यावर घाईने रंग दिल्यास ओल आतच राहते व डाग पुन्हा उमटतो. म्हणून प्रथम गळतीचे मूळ शोधावे. केवळ पावसात वाढणारी ओल बहुधा गच्चीतून वा बाहेरील भिंतीच्या भेगांतून येते. बारमाही ओल न्हाणीघरातून किंवा भिंतीत दडलेल्या नळातून.

ओल स्विचबोर्डापर्यंत पोहोचली असल्यास आधी वीजपुरवठा बंद करावा. गळती थांबल्यावर सुटलेला रंग व पुट्टी खरवडून काढावी, कपाटे भिंतीपासून दूर सरकवावीत. भिजलेले सामान २४ ते ४८ तासांत वाळवल्यास बुरशी सहसा धरत नाही. पांढरा लोणा कोरड्या ब्रशने झाडावा. पाण्याने धुतल्यास क्षार पुन्हा भिंतीत मुरतात.

भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून २४ तास ठेवावा. त्याच्या भिंतीकडील बाजूस दव जमल्यास भिंत अजून ओली आहे, असे समजावे.

छतातील ओलीकडे दुर्लक्ष नको. सळई गंजली की ती फुगते आणि काँक्रीटचे ढलपे सुटतात. ओल व बुरशीमुळे श्वसनविकार व दम्याचा धोका वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये नमूद केले आहे.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीची गळती रोखणे ही संस्थेची, तर स्वतःच्या न्हाणीघरातील गळतीची दुरुस्ती ही सभासदाची जबाबदारी आहे. त्यामुळे तक्रार लेखी द्यावी.